बर्फ कमी, म्हणून धोका कमी? (गुलमर्ग, उबदार हिवाळा आणि हिमस्खलन)

रानभूल | 5 फेब्रुवारी 2024, रात्री 9:12

मंडळी, 24 तारखेला आम्ही दहाजण पुण्याहून गुलमर्गला निघतोय. निम्मे स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करणार, उरलेले स्नोशू घालून हिंडणार. जानेवारीत तिकडचे फोटो बघून तिकिटं रद्द करायची वेळ आली होती. चिल्लई कलान म्हणतात ते कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस (21 डिसेंबर ते 30 जानेवारी) जवळजवळ कोरडेच गेले. मैदानावर पिवळं गवत, घोडेवाले हातावर हात धरून बसलेले, आणि श्रीनगर काही दिवस चक्क दिल्लीपेक्षा गरम. महिनाअखेरीस एकदाचा बर्फ पडला आणि आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष.

आता मुद्दा. ज्यांच्यातर्फे जातोय त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, "यंदा बर्फच कमी आहे सर, ॲव्हलांचचं टेन्शन नाही. तिसऱ्या दिवशी गोंडोलाच्या (म्हणजे रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून तुम्हाला मागच्या बाजूने खाली आणतो." मला हे पटत नाहीये, आणि का पटत नाहीये ते त्याला नीट सांगताही येत नाहीये. इथे जाणकार आहेत, म्हणून धागा काढला. बर्फ कमी असेल तर धोका कमी असतो का?

---

खमंग_बंडू | 5 फेब्रुवारी, 9:30

धोका बर्फाला आहे. दहा पुणेकर येतायत म्हटल्यावर तो जानेवारीत लपून बसला होता.

(वाचतोय. गंभीर लोक येऊ द्या.)

---

सह्यकडा | 5 फेब्रुवारी, 10:05

मला त्या माणसाचं म्हणणं चूक वाटत नाही. वर माल कमी असेल तर खाली येणार काय? आपल्याकडे दरडी कधी कोसळतात? धो-धो पावसात. कोरड्या वर्षी माळशेजमध्ये कुणी दरडीची काळजी करत नाही. उगाच घाबरवून ट्रिपचा विचका करू नका.

---

झुरिकची_माई | 6 फेब्रुवारी, पहाटे 1:40

सह्यकडा, दरडीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. बर्फात किती साठलाय यापेक्षा कशावर साठलाय ते जास्त महत्त्वाचं. जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

बर्फ पडला की तो तसाच पडून राहत नाही, आतल्या आत सतत बदलत असतो. जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाला असतो, कारण जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे 15 पर्यंत उतरतो. आता दोन मीटरचा थर धरा. 15 अंशांचा फरक 200 सेंटिमीटरमध्ये विभागला, म्हणजे दर 10 सेंटिमीटरला पाऊण अंश. हे ठीक आहे, अशा थरात कण गोलसर होतात आणि एकमेकांना चिकटत जातात. पण थर फक्त 40 सेंटिमीटरचा असेल तर तोच फरक दर 10 सेंटिमीटरला पावणेचार अंश होतो. ढोबळ मानाने दर 10 सेंटिमीटरला एक अंशाच्या वर गेलं की वाफ खालून वर सरकायला लागते, आणि तळाचे कण मोठे, टोकदार, कडा असलेले होऊ लागतात. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारं काही उरत नाही. हातात घेतले तर कोरड्या जाड रव्यासारखे लागतात. कितीही दाबा, लाडू वळत नाही.

म्हणजे जो हिवाळा पातळ थर, निरभ्र आकाश आणि कोरडे आठवडे घेऊन येतो, तो स्वतःच्या हाताने कच्चा पाया घालत असतो. तुम्ही वर्णन केलेला यंदाचा जानेवारी नेमका तसाच. दिवसा ऊन होतं हे खरं, पण 3,500 मीटरच्या वर सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारांवर रात्री कडक थंडीच असणार. त्या रव्यावर आता जानेवारीअखेरचा ताजा बर्फ येऊन बसलाय. एकूण बर्फ कमी, तरी रचना वाईट.

एक गोष्ट मात्र त्या माणसाच्या बाजूने सांगायला हवी. जिथे जानेवारीत काहीच नव्हतं, नुसतं गवत, तिथे हा कच्चा थर तयार झालाच नाही. गुलमर्गचं मैदान, शिकाऊ लोकांचे उतार वगैरे त्यात येतात. धोका वर आहे, जिथे डिसेंबरातला थोडासा बर्फ टिकून राहिला तिथे. म्हणजे तुमचा माणूस तुम्हाला तिसऱ्या दिवशी जिथे न्यायचं म्हणतोय, नेमका तिथेच.

---

चाफेकळी | 6 फेब्रुवारी, 8:15

माई, दंडवत. वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. वरून नवा बर्फ पडला की त्याच्या वजनाने खालचा रवा दाबून घट्ट होत नाही का? आपण घाणेरडी गादी टाकून वर सतरंजी घालतो तसं झाकलं जाऊन प्रश्न मिटत नाही?

---

झुरिकची_माई | 6 फेब्रुवारी, दुपारी 2:10

होतो, पण फार सावकाश. थर जाड होत गेला की वर लिहिलेला तापमानाचा फरक कमी पडतो आणि कण हळूहळू सांधायला लागतात. त्याला कित्येक आठवडे लागू शकतात, काही ठिकाणी अख्खा मोसम जातो. दरम्यान वरचा नवा बर्फ वाऱ्याने दाबून दोन-तीन दिवसांत एकसंध फळी होऊन बसतो. खाली भुसभुशीत, वर ताठ फळी, उतार 30 ते 45 अंश. मग त्या फळीवर एक माणूस आला तरी त्याच्या वजनाने तळाचा थर एका जागी बसतो, ती बसकण सेकंदभरात दूरवर पसरते आणि अख्खी फळी सुटते. चालताना पायाखालून "हुंप्" असा दबका आवाज आला किंवा पायापासून तडा पळत गेला, तर ती पूर्वसूचना. त्या क्षणी मागे फिरायचं, चर्चा नंतर.

आमच्याकडे कोर्समध्ये हे करून दाखवतात. बर्फात उभा खड्डा खणायचा आणि एका बाजूची भिंत फावड्याने गुळगुळीत तासायची. मग वरून खाली हात दाबत जायचं: कुठे मूठ आत जाते, कुठे चार बोटं, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिल, कुठे फक्त सुरी. वर एक बोट आणि तळाशी अचानक मूठ, असं लागलं की शिकवणारा काही बोलायच्या आधीच वर्ग गप्प होतो. पुढे 90 बाय 30 सेंटिमीटरचा खांब मोकळा करायचा, एका टोकावर फावडं आडवं ठेवायचं आणि त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा चापट्या मारायच्या. तडा खांबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आरपार गेला तर त्या उतारावर जायचं नाही. बाराव्या-तेराव्या चापटीला सगळा वरचा भाग अलगद पुढे सरकून मांडीवर येतो, तेव्हा कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

---

माजी_जवान | 6 फेब्रुवारी, रात्री 8:50

मी मूळचा सातारचा. नोकरीत त्या भागात राहिलोय. माईंनी शास्त्र सांगितलं, मी जागा सांगतो.

गुलमर्ग 2,650 मीटर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या धारेखाली साधारण 3,950 मीटरला सोडतो. आपल्या लोकांना हे लक्षात येत नाही, कारण तिकीट काढून बसून वर जातात. पायी चढून गेलेला माणूस वाटेत चार वेळा बर्फ बघतो, दमतो, विचार करतो. गोंडोलातून उतरलेला थेट हिमस्खलनाच्या माथ्यावर उभा असतो, मोबाइल हातात घेऊन. गोंडोलाखालच्या मुख्य उतारावर गस्तीची माणसं लक्ष ठेवतात, तो बंदही करतात. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूच्या घळी आणि मागची बाजू तुमची तुम्ही बघायची. हापतखुड हे नाव ऐकलं असेल. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तिथेच दोन पोलिश स्कीअर गेले. खिलनमर्गला 8 फेब्रुवारी 2010 रोजी आमच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान गेले. ते तर प्रशिक्षण घेत होते, पर्यटक नव्हते.

दुसरं. हिमस्खलनाच्या धोक्याचं सरकारी बुलेटिन असतं, ते कुणी वाचत नाही. पूर्वी मनालीच्या सासे या संस्थेचं यायचं, 2020 पासून ती डीजीआरईत विलीन झाली, चंदीगडला. डीआरडीओचीच संस्था. जिल्हावार, किती उंचीच्या वर किती धोका ते दिलेलं असतं, आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन तेच पुढे पाठवतं. "अमुक जिल्ह्यात 2,800 मीटरच्या वर मध्यम धोका" असं वाचलंत की आपली उंची त्यात बसते का बघा. सह्यकडा, तुमचा कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणून तुम्हाला माळशेज आठवतो. राग मानू नका.

---

सह्यकडा | 6 फेब्रुवारी, 9:20

राग कसला, काका. पण मग उलट प्रश्न. हिवाळा उबदार असेल तर बर्फ वितळून घट्ट बसायला हवा ना? आपण फ्रीझरमधला बर्फ बाहेर ठेवला की तुकडे एकमेकांना चिकटतात. ऊब वाईट कशी?

---

पावसाळी_सिएटल | 7 फेब्रुवारी, पहाटे 5:30

हा माझा विषय. आमच्याकडे हिवाळा उबदारच असतो, एकाच वादळात सकाळी बर्फ आणि दुपारी पाऊस.

तुझं निम्मं बरोबर आहे. दिवसा थोडं वितळायचं आणि रात्री कडक गोठायचं, हे रोज होत राहिलं तर बर्फ फार मजबूत होतो. वसंतात लोक त्यावरच पहाटे स्कीइंग करतात. गडबड होते ती रात्री गोठलं नाही तर. आणि इथे एक गंमत आहे, हवेचं तापमान फसवं असतं. आकाश निरभ्र असेल तर हवा 2 अंश असली तरी बर्फाचा पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता टाकून गोठू शकतो. ढगाळ रात्री हवा तेवढीच असली तरी गोठत नाही. म्हणून सकाळी थर्मामीटरच्या आधी बूट बघायचा. पाय पापुद्र्यावर टिकतो की घोट्यापर्यंत आत जातो?

पाणी खाली झिरपून एखाद्या कडक थरावर किंवा माईंच्या रव्यावर साचलं की तिथली पकडच जाते. ओलं हिमस्खलन कोरड्यापेक्षा हळू येतं, पण वजनाला कितीतरी भारी. थांबल्याबरोबर ते इतकं आवळतं की हाताने उकरणं विसरा.

आणि ताज्या कोरड्या बर्फावर पाऊस म्हणजे सगळ्यात वाईट. वजन वाढतं आणि ताकद जाते, दोन्ही एकदम. कित्येकदा पाऊस सुरू झाल्यापासून तासाभरात उतार सुटायला लागतात. अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा हिमस्खलनाचा अपघात माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर झाला. वेलिंग्टन, स्टीव्हन्स पास, 1 मार्च 1910. बर्फाच्या वादळात दोन गाड्या स्टेशनात कित्येक दिवस अडकून पडल्या होत्या. मग हवा उबदार झाली, पाऊस आला, विजा कडाडल्या, आणि मध्यरात्रीनंतर वरचा उतार सुटून गाड्या दरीत गेल्या. 96 माणसं गेली. त्या उतारावरचं जंगल आधीच्या वणव्यात जळून गेलेलं होतं, म्हणून अडवायला काही नव्हतं. आता तिथे जुन्या रेल्वेमार्गावरून पायवाट आहे, उन्हाळ्यात सहकुटुंब जाण्यासारखी.

गुलमर्गसाठी घरबसल्या करायचा हिशोब: उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. श्रीनगर 1,585 मीटरवर आहे. ढगाळ वाऱ्याच्या दिवशी तिथे दुपारी 12 अंश असतील तर गुलमर्गला 5 च्या आसपास, आणि शून्य अंश साधारण 3,400 मीटरवर. म्हणजे कोंगडोरीलाही पाऊस पडू शकतो. (निरभ्र सकाळी हा हिशोब चालत नाही, थंड हवा दरीत तुंबलेली असते.)

---

चाफेकळी | 7 फेब्रुवारी, 10:00

श्रीनगरचं तापमान बघून गुलमर्गचा पाऊस ओळखायचा! हे मला कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगवर मिळालं नव्हतं.

---

खमंग_बंडू | 7 फेब्रुवारी, 10:20

ट्रॅव्हल ब्लॉगवर मॅगी कुठे मिळते ते असतं.

---

सह्यकडा | 7 फेब्रुवारी, 11:45

बरं, एवढं पटलं. शेवटचा आक्षेप. जग तापतंय, बर्फ कमी होत चाललाय, मग काही दशकांत हिमस्खलनंच कमी होतील. मग हा सगळा खटाटोप तात्पुरता नाही का?

---

झुरिकची_माई | 7 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:30

आल्प्सच्या सखल भागात तुम्ही म्हणता तसं होतंय. तिथे बर्फच टिकत नाही. पण एकूण हिमस्खलनांत ओल्या बर्फाच्या हिमस्खलनांचा वाटा वाढतोय, आणि ती पूर्वी वसंतात यायची ती आता भर हिवाळ्यात येतात. शिवाय गवताळ उतारावर, जमीन गोठण्याआधीच जाड बर्फ पडला की अख्खा थर तळापासून सरकायला लागतो. उतारावर आडव्या भेगा पडतात, मोठ्या, जबडा उघडल्यासारख्या. ती भेग आज सुटेल की तीन आठवड्यांनी, हे इथल्या दावोसच्या हिमस्खलन-संस्थेलाही सांगता येत नाही. पहाटे सुटते, रात्री सुटते, कधी सुटतच नाही. त्यांच्या बुलेटिनमध्ये त्यावर एकच सल्ला असतो: भेगेखाली रेंगाळू नका.

हिमालयाचं उत्तर वेगळं आलंय. 2018 मध्ये मनालीजवळच्या धुंडी भागातल्या झाडांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमस्खलनाने झाड जखमी झालं की त्या वर्षीच्या वाढीच्या वर्तुळात व्रण राहतो, त्यावरून सुमारे दीडशे वर्षांचा हिशोब मांडला. 1970 नंतर हिमस्खलनं वाढलेली दिसली, कमी नाही. कारण असं की तिथे उंची भरपूर आहे, वर बर्फ अजून पुरेसा पडतो आणि हिवाळ्याच्या शेवटी लवकर ओला होतो. ओलं हिमस्खलन घळीतून खूप खालपर्यंत येतं. रस्ते, बोगद्याची तोंडं, मजुरांच्या वस्त्या सगळं खालीच असतं. हे "तात्पुरतं" आपल्या नातवंडांपर्यंत पुरेल.

---

रानभूल | 7 फेब्रुवारी, रात्री 10:40

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माजी_जवान काकांच्या सांगण्याप्रमाणे बुलेटिन रोज बघायला सुरुवात केलीय. त्या माणसाला विचारलं, "ट्रान्सीव्हर देणार का प्रत्येकाला?" तो म्हणाला, "गाइडकडे वॉकीटॉकी आहे ना सर."

---

पावसाळी_सिएटल | 8 फेब्रुवारी, पहाटे 6:00

वॉकीटॉकीने गाडलेला माणूस सापडत नाही.

ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे हवं, नाहीतर त्या उतारावर जायचं नाही. ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवतो, बाकीचे तो शोधतात. तो अंगावर, आतल्या कपड्यावर बांधायचा, बॅगेत नाही. मोबाइल त्यापासून 20 सेंटिमीटर दूर ठेवायचा आणि शोधताना 50, कारण मोबाइलचा गोंगाट सिग्नल बिघडवतो. हीटरवाले हातमोजे, गोप्रो, स्मार्टवॉच, सगळ्यांना हाच नियम.

आणि घाई का, तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासाने ते प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली जातं. बाहेरून मदत दहा मिनिटांत येत नाही, ना इथे, ना तिथे. जे काढायचं ते सोबतच्यांनी.

---

माजी_जवान | 8 फेब्रुवारी, 7:30

+1. आणि दहाजण असतील तर उतार एकेकाने ओलांडायचा. आपल्या ट्रेकर्सना रांगेत चिकटून चालायची सवय, मागच्याने पुढच्याची बॅग धरलेली. घसाऱ्यावर ठीक आहे, इथे नाही. थांबताना घळीच्या तोंडाशी थांबू नका, बाजूच्या सोंडेवर थांबा. तुम्ही उभे आहात ती जागा सपाट असली तरी डोक्यावर काय लोंबतंय ते बघा.

---

चाफेकळी | 22 फेब्रुवारी, संध्याकाळी 6:15

बातमी बघितली का कुणी? गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर आज दुपारी हिमस्खलन. परदेशी स्कीअर होते, एक रशियन गेला, बाकीच्यांना वाचवलंय म्हणतात. रानभूल, तुम्ही परवा निघताय ना?

---

झुरिकची_माई | 22 फेब्रुवारी, रात्री 11:50

गेल्या काही दिवसांत पश्चिमी झंझावाताने तिथे भरपूर बर्फ टाकलाय. त्यानंतर उघडलेलं पहिलं आकाश आणि पहिलं ऊन, हीच वेळ सगळ्यात वाईट. सगळ्यांना तेव्हाच वर जायचं असतं.

या अपघातात तळाचा तोच थर तुटला का, हे फोटोंवरून मी सांगणार नाही. पण क्रम तोच आहे: कोरडा महिना आणि मग एकदम भार.

---

रानभूल | 22 फेब्रुवारी, 11:58

जातोय. कोर्सचे उतार आणि झाडीतले सपाट रस्ते, बस्स. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढणार नाही. दोघं नाराज आहेत, त्यातला एक माझा मेव्हणा.

---

रानभूल | 5 मार्च 2024, रात्री 9:00

सुखरूप परतलो. स्कीइंग अवघड प्रकार आहे, पहिले दोन दिवस आडवे पडण्यातच गेले. तिथल्या प्रशिक्षकाला (गावातलाच, पंचविशीतला) मी रव्याबद्दल विचारलं तर त्याने जंगलाच्या कडेला, सावलीत, फावड्याने बर्फ कापून दाखवला. वर हातभर पांढराशुभ्र घट्ट थर, मध्ये एक चकाकणारा पापुद्रा, आणि तळाला करड्या रंगाचे मोठे कण. बोट लावलं की भिंतीतून नुसते ओघळत होते. त्याने मूठभर घेऊन फुंकले, उडून गेले. मेव्हणा बघत होता. नंतर मागच्या बाजूचा विषय त्याने काढला नाही.

आगाऊ भरलेले पैसे त्या एजन्सीने परत दिले नाहीत. असो.

---

सह्यकडा | 1 मार्च 2025, दुपारी 12:20

धागा वर काढतोय.

माणा गावाजवळ, बद्रीनाथच्या पुढे, काल सकाळी सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांच्या कॅम्पवर हिमस्खलन आलं. पन्नासहून जास्त माणसं आत होती, बरीच बाहेर काढलीत, काही अजून सापडायची आहेत. याच धाग्यात मी "माल कमी तर पडझड कमी" म्हणालो होतो. आणि आज हवामान खात्याचा आकडा आलाय: 1901 पासूनचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी, देशाची सरासरी नेहमीपेक्षा 1.34 अंशांनी जास्त. गुलमर्गचे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून पुढे ढकलले होते. आणि त्याच फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी हे.

---

माजी_जवान | 3 मार्च 2025, सकाळी 8:10

शोध संपला. 54 पैकी 46 वाचले, 8 गेले. बरेचजण वाचले त्याचं एक कारण म्हणजे ते लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले होते. कंटेनर फेकले गेले, पण सगळे चेपले नाहीत, आत हवा राहिली. तंबू असते तर हा आकडा उलटा वाचावा लागला असता.

डीजीआरईचा इशारा आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आलेला होता. चमोलीसह पाच जिल्हे, 2,400 मीटरच्या वर. माणा 3,200 मीटरवर आहे. इशारा होता, कॅम्पही तिथेच होता. मजुराला कोण विचारतो की तुला आज रात्री खाली झोपायचंय का. ट्रेकरची तारीख बदलता येते, हजेरीवरच्या माणसाची नाही. याची चौकशी व्हायला हवी, आणि फक्त इशारा दिला की नाही एवढीच नको. तो कॅम्पपर्यंत कुणी पोचवला आणि नंतर काय केलं, तीही हवी.

---

झुरिकची_माई | 3 मार्च 2025, संध्याकाळी 7:00

काकांशी सहमत. इकडे रस्ता बंद करायचा अधिकार गावच्या एका समितीकडे असतो. इशारा आला की पहाटे चारला कुणीतरी उठून फाटक लावतं, आणि त्याबद्दल शिव्याही खातं. बुलेटिन छापणं हे काम अर्धंच.

---

चाफेकळी | 26 एप्रिल 2025, रात्री 10:30

याच विषयातली एक बातमी. काठमांडूच्या इसिमोड या पर्वतीय संशोधन संस्थेने हिंदुकुश-हिमालयाचा बर्फाचा अहवाल दिलाय. या नोव्हेंबर ते मार्च हंगामात जमिनीवर टिकलेला बर्फ नेहमीपेक्षा 23.6 टक्के कमी, 23 वर्षांतला नीचांक, आणि सलग तिसरं कमी बर्फाचं वर्ष. मागच्या वेळी माईंनी सांगितलं होतं म्हणून आता असं काही वाचलं की पाण्याबरोबर हिमस्खलनही आठवतं.

आणि एक घरगुती प्रश्न. पुढच्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला आईबाबांना सिक्कीमला न्यायचंय, नाथुला त्यांची फार इच्छा. वयस्कर आहेत, चालणार काहीच नाहीत, गाडीतूनच. तरी काळजी करायची का?

---

माजी_जवान | 27 एप्रिल 2025, सकाळी 7:45

थोडी करायची. 4 एप्रिल 2023 ला गंगटोकहून नाथुलाला जाणाऱ्या त्याच जवाहरलाल नेहरू मार्गावर दुपारच्या सुमारास हिमस्खलन आलं, 7 पर्यटक गेले. परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता, गाड्या पंधराव्यापर्यंत गेल्या होत्या आणि लोक उतरून बर्फात खेळत होते. चालणारे तेही नव्हते.

सकाळी लवकर निघा, ऊन चढायच्या आत परतीला लागा. आदल्या दिवशी बर्फ पडला असेल किंवा रात्रभर ढग असतील तर त्या दिवशी गंगटोकलाच थांबा, नाथुला नंतर कधीतरी. परवान्यात लिहिलंय तिथेच थांबा, ड्रायव्हर "अजून थोडं पुढे" म्हणाला तरी. आणि फोटोसाठी गाडी घळीसमोर उभी करू देऊ नका. रस्त्यावर जिथे जुन्या बर्फाचा मातीमिश्रित ढिगारा साचलेला दिसेल, तिथे ते आधी येऊन गेलेलं आहे.

---

चाफेकळी | 27 एप्रिल 2025, 9:05

आभारी आहे, काका. दोन दिवस राखीव ठेवते आणि ड्रायव्हरला गंगटोकलाच हे सगळं सांगून ठेवते. बाबांना घळ कशी ओळखायची ते तुम्हीच फोनवर सांगाल का? माझं ते ऐकत नाहीत.